वाकोल्याची जमीन : अनुमान आणि मोजमाप

वाकोल्याच्या एखाद्या गल्लीत जुन्या दुमजली चाळीच्या जागी टोलेजंग इमारत उभी राहणार असल्याची पहिली वर्दी बिल्डरच्या रंगीत फलकाने मिळत नाही. ती मिळते एका लोखंडी तिकाटण्याने. चार-दोन मजूर, एक डिझेलवर धडधडणारे यंत्र, नळ्यांचा ढीग आणि दिवसभर चालणारा हातोड्याचा ठोका एवढा त्याचा पसारा. आठवडाभरात बोअर घेणारी मंडळी सामान उचलून पुढच्या जागेवर जातात आणि काही दिवसांनी मातीच्या परीक्षणाचा एक अहवाल तयार होतो. तो वास्तुविशारदाकडून आर.सी.सी. सल्लागाराकडे आणि तेथून मंजुरीच्या फायलीत जातो. ज्यांना त्या इमारतीत आयुष्य काढायचे आहे त्या सभासदांपैकी बहुतेकांनी तो पाहिलेलाही नसतो. कार्पेट एरिया किती मिळणार, तात्पुरत्या जागेचे भाडे किती महिन्यांचे, कॉर्पस फंड किती, यावर सोसायटीच्या सभा मध्यरात्रीपर्यंत रंगतात. आपल्या पायाखाली नेमके काय आहे, हा प्रश्न मात्र सभेच्या इतिवृत्तात सहसा उमटत नाही.

निदान वाकोल्यात तरी तो उमटायला हवा होता. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी नदी माहीमच्या खाडीतून समुद्राला मिळते आणि वाकोला नाला हा तिच्याच परिवारातला एक प्रवाह. साष्टी बेटाच्या या सखल पट्ट्यात भरतीचे पाणी आत शिरे आणि ओहोटीला परतताना बारीक गाळ मागे ठेवून जाई. हा क्रम हजारो वर्षे चालला. पुढे माणसाने त्यावर मुरूम, राडारोडा आणि कचरा टाकून भराव केला, भरावावर झोपड्या आल्या, चाळी आल्या, आणि आता मनोरे येत आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला, तेव्हा या भागाचा सखलपणा साऱ्या देशाला कळला. परंतु ज्या सखलपणामुळे पाणी तेथे साचले, त्याच सखलपणामुळे चिखलही तेथेच साचला आहे, हा त्या घटनेचा दुसरा अर्थ फारसा कोणी लावला नाही. वास्तविक येथून काही किलोमीटरवर अंधेरीत गिल्बर्ट हिलचा काळाकभिन्न बेसॉल्ट साठएक मीटर उंच उघडा उभा आहे. तोच लाव्हारसाचा खडक नाल्याकाठी काही ठिकाणी दोन-चार मीटरांवर लागतो, तर काही ठिकाणी दहा-पंधरा मीटर चिखलाखाली दडलेला असतो. मुंबईची जमीन सरसकट खडकाची आहे असे समजणे जितके चुकीचे, तितकेच ती सरसकट भरावाची आहे असे समजणेही.

हा फरक महत्त्वाचा ठरतो तो भूकंपाच्या वेळी. महाराष्ट्रात भूकंप म्हटला की ११ डिसेंबर १९६७ चे कोयनानगर आणि ३० सप्टेंबर १९९३ चे किल्लारी आठवते. दोन्ही वेळी दोष गेला तो घरांकडे, आणि तो योग्यच होता. दगडामातीच्या जाड भिंतींखाली किल्लारी परिसरात हजारो माणसे गाडली गेली. पण त्यामुळे भूकंपाचे नुकसान ठरवण्यात जमिनीचाही वाटा असतो, ही गोष्ट आपल्या मनावर ठसली नाही. ती ठसवण्यासाठी मेक्सिकोचे उदाहरण पाहावे लागते. १९ सप्टेंबर १९८५ रोजी पॅसिफिक किनाऱ्यावर झालेला भूकंप मेक्सिको शहरापासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर होता. शहराच्या टेकडीकडील भागात, विद्यापीठाच्या खडकाळ आवारात, तो फार तीव्र नव्हता. जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेल्या भागात मात्र उपकरणांनी त्याच्या सुमारे चौपट हिसका नोंदला, आणि उंच इमारती कोसळल्या त्या मुख्यतः तेथे. २६ जानेवारी २००१ रोजी भूज हादरले, तेव्हा दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. त्यांत निकृष्ट बांधकामाचा आणि तळमजला मोकळा सोडण्याच्या पद्धतीचा दोष मोठा होता, तरी साबरमतीकाठच्या गाळाच्या थरांकडेही अभ्यासकांनी बोट दाखवले. मुंबईखाली मोठा भूकंप होईल की नाही, हा प्रश्न त्यामुळे एकटा पुरेसा नाही. दूर कोठेतरी झालेला भूकंपही गाळाच्या जमिनीला पुरतो.

यामागचे शास्त्र अवघड नाही. भूकंपाच्या वेळी जमिनीच्या पोटातून मुख्यतः दोन प्रकारच्या लाटा धावतात. एक दाबाची, ती पुढे-मागे ढकलत जाते. दुसरी जमिनीला आडवे हिसके देत जाते आणि इंजिनिअर तिला शिअर वेव्ह म्हणतात. इमारत उभा भार पेलण्यासाठी बांधलेली असते, आडवा हिसका तिला मानवत नाही, म्हणून खरे नुकसान करते ती ही दुसरी लाट. तिचा वेग पदार्थाच्या ताठपणावर अवलंबून असतो. अखंड बेसॉल्टमध्ये ती सेकंदाला दीड-दोन हजार मीटर किंवा त्याहून वेगाने जाते, घट्ट मुरमात चार-पाचशे मीटर, आणि खाडीच्या मऊ चिकणमातीत जेमतेम शंभर किंवा त्याहूनही कमी. खडकातून धावत आलेली लाट चिखलात शिरताच मंदावते, आणि तिचा वेग घटला की तीच ऊर्जा जमिनीचे हेलकावे मोठे करते. ताटात खरवसाची वडी ठेवून ताट हलवले तर ताटापेक्षा वडीचा माथा अधिक हलतो, तसाच हा प्रकार.

शिवाय चिखलाच्या प्रत्येक थराचा स्वतःचा एक झोका असतो. थराच्या जाडीची चौपट करून तिला या लाटेच्या वेगाने भागले की त्या झोक्याचा काळ सेकंदांत मिळतो. मेक्सिकोच्या तळ्यात सुमारे ४० मीटर गाळ आणि ७५ मीटरच्या आसपास वेग धरला तर उत्तर दोन सेकंदांच्या किंचित वर येते, आणि त्या दिवशी उपकरणांनी नोंदलेला मुख्य झोका दोन सेकंदांचाच होता. इमारतीचाही असा झोका असतो आणि ढोबळ हिशेबाने दर मजल्यास एक दशांश सेकंद धरतात. जमिनीचा आणि इमारतीचा झोका जुळला की पाळण्याला योग्य वेळी धक्का देत राहिल्यासारखे होते. आता नाल्याकाठी १० मीटर चिखल आहे आणि त्यातील वेग ९५ मीटर आहे असे समजू. जमिनीचा झोका ०.४२ सेकंद, म्हणजे चार मजली इमारतीच्या झोक्याइतका. चिखल १५ मीटर आणि वेग ८० असेल तर ०.७५ सेकंद, आणि हा झोका सात मजली इमारतीचा. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या कितीतरी इमारती याच उंचीच्या आहेत. तात्पर्य, चिखलाची जाडी आणि त्यातील लाटेचा वेग हे दोन आकडे कळले तर कोणत्या उंचीच्या इमारतीस अधिक जपावे लागेल ते कळते. जाडी बोअरने कळते. अडचण आहे ती वेगाची.

आपल्याकडे बोअरमध्ये केली जाणारी नेहमीची चाचणी म्हणजे स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पुनःपुन्हा सोडायचा आणि तळाची नळी ३० सेंटिमीटर आत जाण्यास किती ठोके लागतात ते मोजायचे. त्या संख्येला एन-आकडा म्हणतात. तिकाटण्याचा जो आवाज गल्लीत ऐकू येतो तो याच ठोक्यांचा. मुरमात आणि वाळूत ही चाचणी बरे काम देते. मऊ चिखलात मात्र ती जवळजवळ आंधळी होते. कित्येकदा नळी हातोड्याच्या नुसत्या वजनानेच खाली जाते आणि नोंदवहीत एन-आकडा शून्य पडतो. एक ठोका लागलेली माती आणि दोन ठोके लागलेली माती यांच्या ताठपणात किती अंतर आहे हे अशा नोंदीवरून सांगणे म्हणजे धान्याच्या वखारीतील काट्यावर सोने तोलणे होय.

तरीही वेगाचे अनुमान बहुधा याच आकड्यावरून करतात, कारण दुसरा आकडा हाताशी नसतो. जपानमध्ये इमाई आणि तोनोउची यांनी १९८२ साली असंख्य नोंदींवरून मांडलेले सूत्र जगभर वापरले जाते. त्यानुसार एन-आकडा २ असता वेग सुमारे १२१ मीटर येतो. एस. वाय. म्हस्के आणि आय.आय.टी. मुंबईचे दीपांकर चौधुरी यांनी मुंबई शहरातील बोअरच्या नोंदी एकत्र करून शिअर वेव्हच्या वेगाचे नकाशे तयार केले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात खास मुंबईसाठी सूत्र आहे, आणि त्याप्रमाणे त्याच २ या आकड्यास वेग ९५ मीटर येतो. ठोके तेच, पण उत्तरात २६ मीटरांचे अंतर. दहा मीटर चिखलाचा झोका एका सूत्राने तीन मजली इमारतीशी जुळतो, तर दुसऱ्याने चार मजलीशी. परक्या जमिनीवर बेतलेले सूत्र आपल्या जमिनीस लावताना किती सावध असावे लागते, याचा हा घरचाच पुरावा आहे. (जपानी सूत्राचा यात काही दोष नाही. ते जपानच्या मातीबद्दल बोलत होते.)

चिखलाशी ज्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर आणि सख्य आहे, त्या डच लोकांनी १९३० च्या दशकात यावर वेगळा उपाय काढला. ठोकण्याऐवजी त्यांनी दाबायचे ठरवले. साठ अंशांचे टोक असलेला, दहा चौरस सेंटिमीटर तळाचा पोलादी शंकू सेकंदाला दोन सेंटिमीटर या संथ गतीने जमिनीत ढकलायचा आणि टोकाला किती विरोध होतो ते सतत मोजत राहायचे. पुढे शंकूच्या मागच्या बाहीवर होणारे घर्षण आणि मातीतील पाण्याचा दाबही विद्युत उपकरणांनी मोजता येऊ लागला. ही कोन पेनिट्रेशन टेस्ट. आपल्या मानक संस्थेने या जातीच्या चाचणीची पद्धत १९७६ सालीच घालून दिली आहे. तिचा मोठा गुण असा की दीड-दोन मीटरांवर एकेक आकडा देण्याऐवजी ती बोटभर जाडीचा थरही चुकवत नाही, आणि ज्या चिखलात हातोडा शून्य म्हणून मोकळा होतो तेथेच ती अधिक बोलकी होते.

या शंकूच्या आकड्यांवरूनही शिअर वेव्हच्या वेगाचे अनुमान करता येते. अमेरिकेत मेन आणि रिक्स यांनी १९९५ साली निरनिराळ्या देशांतील चिकणमातीच्या जागांवरून काढलेले सूत्र अगदी सुटसुटीत आहे. टोकाचा विरोध किलोपास्कलमध्ये घ्यावा, त्याचा ०.६२७ वा घात करावा आणि १.७५ ने गुणावे. विरोध ५०० किलोपास्कल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५ किलो असेल तर वेग ८६ मीटर येतो. विरोध ३०० असेल तर ६३. हातोड्याच्या चाचणीत या दोन्ही मातींच्या नावापुढे कदाचित एकच आकडा पडला असता. वाळूसाठी, मिश्र मातीसाठी आणखी सूत्रे आहेत. काहींत घर्षणाचे प्रमाण येते, काहींत वरच्या मातीचे ओझे.

तथापि हेही अनुमानच, आणि त्याची मर्यादा मुळातच आहे. शंकू माती फाडत जातो, म्हणून तो मोजतो ते मातीचे मोडण्याचे बळ. लाट जाताना मातीला केसभर हलवते आणि सोडून देते, म्हणून तिचा वेग सांगतो तो न मोडलेल्या मातीचा ताठपणा. दोहोंचा संबंध आहे, पण तो सख्ख्या भावांचा नसून चुलतभावांचा आहे. हजारो वर्षे एका जागी बसलेल्या मातीत कणांमध्ये जो हलका बंध तयार होतो त्याने लाटेचा वेग वाढतो, पण शंकूला तो बंध पुरेसा जाणवत नाही, कारण स्पर्श होताच तो तुटतो. म्हणून गाळ कालचा आहे की पुरातन, त्यात शंखशिंपले किती, कुजलेला पालापाचोळा किती, यांवर सूत्राचे उत्तर इकडेतिकडे सरकते. आणि येथे लहान चूक लहान राहत नाही. ताठपणा वेगाच्या वर्गावर ठरतो. प्रत्यक्ष वेग अनुमानापेक्षा पंचवीस टक्के कमी निघाला तर ताठपणा चव्वेचाळीस टक्के कमी निघतो.

मुंबईत शंकूची चाचणी का रुळली नाही, याची कारणे बोअरवाल्यांना विचारली तर ती पटण्याजोगी असतात. वरच्या भरावात विटा, दगड, जुन्या स्लॅबचे तुकडे, सळ्या असतात. त्यांवर शंकू अडतो, वाकतो, प्रसंगी मोडतो. खाली मुरूम लागला की तो थांबतोच. खडकाचा नमुना तर बोअरशिवाय मिळत नाही, मग एकाच यंत्रात काम भागत असता दुसरे आणावे कशाला? यावर उत्तर आहे, आणि ते नवी मुंबईच्या पाणथळ पट्ट्यात काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. भरावापुरते भोक आधी पाडून घ्यायचे आणि शंकू चिखलात उतरवायचा. बोअर खडकासाठी, शंकू चिखलासाठी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इमारत चिखलावर उभी नसतेच, पाईल खडकापर्यंत जातात, मग चिखलाच्या वेगाची उठाठेव कशाला, असे पुष्कळ अनुभवी माणसेही विचारतात. उभ्या भारापुरते हे खरे आहे. पण भूकंपात चिखल हेलकावतो तेव्हा तो पाईललाही आपल्याबरोबर आडवे ढकलतो, आणि जेथे मऊ थर संपून ताठ थर सुरू होतो त्या सांध्यापाशी पाईलला मोठा वाक सहन करावा लागतो. तेथे सळ्या किती हव्यात हे वेगावरच ठरते. शिवाय वाकोल्यातील प्रत्येक इमारत पाईलवर नाही. जुन्या तीन-चार मजली इमारती साध्या उथळ पायावर उभ्या आहेत आणि त्यांत आजही माणसे राहतात.

संहिता काय म्हणते, हेही पाहिले पाहिजे. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २००२ आणि २०१६ च्या आवृत्त्यांत मुंबई तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात होती, आणि जमिनीचे कठीण, मध्यम व मऊ असे तीन वर्ग एन-आकड्यावरूनच केलेले होते. या वर्गवारीचा परिणाम पैशात मोजता येतो. ०.७५ सेकंद झोक्याच्या सात मजली इमारतीसाठी मऊ जमिनीवर धरावयाचा आडवा जोर कठीण जमिनीच्या १.६७ पट आणि मध्यम जमिनीच्या १.२३ पट येतो. मऊ जमीन कागदावर मध्यम ठरली, तर जवळजवळ एक पंचमांश जोर हिशेबातून गळला. आणि गंमत अशी की ०.४ सेकंदापर्यंतच्या झोक्याला त्या संहितेच्या आलेखात तिन्ही जमिनींना एकच आकडा आहे. चार मजल्यांपर्यंतच्या इमारतीने चिखलावर उभे राहावे की खडकावर, कागदाला जवळपास सारखेच.

त्यातच सरासरीचा घोळ आहे. २०१६ च्या आवृत्तीत वरच्या तीस मीटरांची सरासरी काढून वर्ग ठरवायचा होता, आणि परदेशांत वेगाची सरासरीही तीस मीटरांचीच घेतात. वर १२ मीटर चिखल, वेग १००. खाली १८ मीटर खडक, वेग १,०००, असे समजा. चिखल ओलांडण्यास लाटेला ०.१२० सेकंद लागतात, खडक ओलांडण्यास ०.०१८. तीसला एकूण ०.१३८ ने भागले की सरासरी २१७ येते. अमेरिकी वर्गवारीत पूर्वी १८० ते ३६० म्हणजे बऱ्यापैकी ताठ माती असे धरले जाई. शंभराचा चिखल खडकाच्या शिफारशीवर वरच्या वर्गात चढला! अमेरिकी संहितेने ही पळवाट ओळखून तीनएक मीटरहून जाड अति मऊ चिकणमाती आढळली की सरासरी काहीही असो, जागा मऊच धरावी, असे कलम घातले. आपल्याकडे उथळ खडकावरच्या जाड चिखलाचे शहर मुंबई असताना असे कलम येथे प्रथम सुचायला हवे होते.

अनुमानांची ही साखळी तोडण्याचा मार्ग १९८० च्या दशकात कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात कॅम्पनेला, रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला. त्यांनी शंकूच्या पोटात कंपन टिपणारे लहानसे उपकरण बसवले. शंकू मीटरभर उतरला की थांबवायचा, पृष्ठभागावर गाडीच्या वजनाखाली दाबून ठेवलेल्या फळीच्या टोकावर घणाचा घाव घालायचा, आणि लाट खाली पोहोचण्यास लागलेला वेळ नोंदायचा. पुढच्या मीटरवर पुन्हा तेच. दोन वेळांतील अंतरावरून त्या मीटरातील वेग मिळतो. येथे सूत्राची गरज उरत नाही, साधा भागाकार पुरतो. सर्व जागांवर ही चाचणी सक्तीची करावी, असे म्हणणे अव्यवहार्य होईल. परंतु मिठी आणि तिच्या नाल्यांच्या काठच्या चिखलाच्या पट्ट्यात ठरावीक अंतरावर ती करून घेतली, तर तिच्या आधारे मुंबईच्या चिखलाचे स्वतःचे सूत्र बांधता येईल आणि मग लहान प्लॉटला साधा शंकूही पुरेल. हे काम एकेका सोसायटीचे नव्हे, महापालिकेचे आणि विकास प्राधिकरणाचे आहे.

त्यासाठी जे आधीच मोजलेले आहे ते तरी उघडे असावे. नेदरलँड्समध्ये २०१८ पासून सरकारी संस्थांनी करवून घेतलेल्या शंकूच्या चाचण्या राष्ट्रीय नोंदवहीत दाखल करणे कायद्याने बंधनकारक आहे आणि त्या कोणालाही पाहता येतात. मुंबईत प्रत्येक पुनर्विकासासाठी, उड्डाणपुलासाठी, मेट्रोच्या भुयारासाठी बोअर घेतले गेले. लोकांच्याच पैशाने घेतलेले हे बोअर ज्याच्या त्याच्या फायलीत बंद आहेत, आणि शेजारच्या प्लॉटवर पुन्हा नवे तिकाटणे उभे राहते. बांधकामाच्या परवानगीसोबत मातीच्या अहवालाची एक प्रत सार्वजनिक संग्रहात द्यावी, एवढ्या एका अटीने काही वर्षांत उपनगरांच्या जमिनीचा नकाशा तयार होऊ शकेल. बिल्डरला त्यासाठी अधिक खर्च नाही, महापालिकेला एक संगणक आणि ते सांभाळणारा एक माणूस लागेल.

नाल्याकाठच्या एका प्लॉटवर मोजमापाचे प्रत्यक्ष काम म्हणाल तर थोडकेच आहे. दहा मीटर चिखलात दहा थांबे. प्रत्येक थांब्यावर फळीच्या डाव्या टोकाला एक घाव, उजव्या टोकाला एक. वेग ८० असेल तर लाटेला एक मीटर जाण्यास साडेबारा मिलिसेकंद लागतात आणि यंत्र ते निमूटपणे टिपते. मग शंकू मुरमावर टेकतो, नळ्या वर काढल्या जातात आणि तेथून पुढचे खडकाचे काम तिकाटणेवाल्यांकडे जाते.